चवड्याची रुंदी आणि बुटाचा नंबर

बंगळुरूच्या आग्नेय भागात, होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या मधल्या पट्ट्यात बंगळुरू विकास प्राधिकरणाने आखलेली एचएसआर लेआउट ही वसाहत आज स्टार्टअप कंपन्यांचे आगर म्हणून देशभर ओळखली जाते, आणि पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर येथून संगणक क्षेत्रातील नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबेही येथे राहतात. सात सेक्टरांच्या या वसाहतीतील सत्ताविसावा मुख्य रस्ता असो, त्याच्या कडेचे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचे आवार असो, की सकाळी फिरणाऱ्यांनी गजबजलेला अगरा तलावाचा काठ असो, पायांत प्रामुख्याने स्पोर्ट्स शूज, सँडल आणि चपलाच दिसतात. काळे, कडक, चामडी फॉर्मल बूट क्वचितच आढळतात. या सैल रिवाजाचा एक आडपरिणाम असा की ज्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाडाचा उंचवटा आहे, त्यांना त्याची जाणीव वर्षातले बहुतेक दिवस होतच नाही. परदेशी ग्राहकापुढचे सादरीकरण, एखाद्या जुन्या वळणाच्या कंपनीतील मुलाखत किंवा लग्नाचा स्वागत समारंभ समोर येतो, जाळीदार कापडाच्या बुटात आठवडाभर ऐसपैस पसरलेला चवडा निमुळत्या चामडी टोकात कोंबला जातो, आणि तासाभरात अंगठ्याची कड लाल होऊन ठणकू लागते.

या उंचवट्याला बोलीत ‘अंगठ्याचे हाड वाढले’ असे म्हणतात, इंग्रजी वळणाने त्याला बनियन म्हणतात, आणि अस्थिरोगतज्ज्ञांच्या कागदावर त्याची नोंद ‘हॅलक्स व्हॅल्गस’ अशी होते. वास्तविक हाड फारसे वाढलेले नसते, ते जागेवरून सरकलेले असते. चवड्यात, म्हणजे पावलाच्या पुढच्या रुंद भागात, पाच लांबट हाडे असतात व त्यांना मेटाटार्सल म्हणतात. त्यांपैकी अंगठ्यामागचे पहिले हाड दुसऱ्या पावलाच्या दिशेने आत सरकते, तर त्याच्या टोकाशी जोडलेला अंगठा उलट दिशेने, शेजारच्या बोटांकडे कलतो. या दोन विरुद्ध कलांमुळे सांध्याचा कोपरा बाहेर येतो आणि तोच उंचवटा म्हणून दिसतो. क्ष-किरण चित्रावर अंगठा आणि त्यामागचे हाड यांच्यातील कोन साधारण १५ अंशांच्या आत असेल तर तो स्वाभाविक मानला जातो, आणि ४० अंशांच्या पुढे गेला तर विकृती तीव्र समजली जाते. उंचवट्यावरील त्वचेखाली द्रवाची एक लहान पिशवी असते. तिच्यावर बुटाची कड घासत राहिली की ती सुजते, आणि बूट घातल्यावर होणाऱ्या वेदनेचा मोठा वाटा या सुजेचाच असतो. अंगठा पुरेसा कलला की दुसरे बोट त्याच्यावर चढते, त्या बोटाचा मधला सांधा वर उचलला जातो आणि त्याच्या माथ्यावर कुरूप धरते, त्यामुळे बुटात केवळ रुंदी असून भागत नाही, बोटांच्या वर उंचीही लागते. असाच पण लहान उंचवटा करंगळीच्या बाजूलाही येतो. पाय दुमडून जमिनीवर बसणाऱ्या शिंप्यांच्या पावलाची बाहेरची कड सतत दाबली जात असे, म्हणून इंग्रजीत त्याला शिंप्याचा बनियन असे नाव पडले.

दोष बुटाचा की आईवडिलांकडून आलेल्या पावलाचा, हा वाद जुना आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर ‘दोघांचाही’ असे आहे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील पाहणीतून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात हा दोष मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असल्याचे दिसले. आजीच्या, आईच्या आणि मुलीच्या पावलांचा एकच ढंग अनेक घरांत ओळखू येतो तो त्यामुळेच. पण वारशाने येते ती प्रवृत्ती, आणि तिला आकार देण्याचे काम पादत्राणे करतात, याचे पुरावेही तितकेच ठोस आहेत. हाँगकाँगमध्ये लॅम सिम-फूक आणि ए. आर. हॉजसन यांनी १९५८ मध्ये बूट वापरणाऱ्या व अनवाणी राहणाऱ्या चिनी लोकांची पावले तपासली, तेव्हा बूट वापरणाऱ्यांत ३३ टक्के तर अनवाणी राहणाऱ्यांत अवघ्या १.९ टक्के लोकांत अंगठा कललेला आढळला. इंग्लंडमधील केंब्रिज येथे मध्ययुगीन दफनभूमींतील १७७ सांगाड्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात अकराव्या ते तेराव्या शतकातील सांगाड्यांत हे प्रमाण ६ टक्के होते, तर टोकदार बुटांची टूम आलेल्या चौदाव्या-पंधराव्या शतकात ते २७ टक्क्यांवर गेले. गमतीचा भाग असा की सर्वाधिक प्रमाण, ४३ टक्के, निघाले ते मठाच्या आवारात पुरलेल्या लोकांत, जेथे धर्मगुरूंबरोबर धनिक आश्रयदातेही विसावले होते. आणि धर्मगुरूंनी टोकदार बूट घालू नयेत असा दंडक तर चर्चने १२१५ मध्येच घालून दिला होता. पुढे १४६३ मध्ये इंग्लंडच्या चौथ्या एडवर्डच्या राजवटीत सरदारांपेक्षा खालच्या दर्जाच्या पुरुषांसाठी बुटाच्या टोकाची लांबी कायद्याने दोन इंचांवर आणावी लागली. उंचवट्याचा त्रास बायकांनाच होतो हा समज या इतिहासापुढे टिकत नाही, आणि आजच्या आकड्यांपुढेही टिकत नाही: जगभरातील पाहण्यांचा एकत्रित आढावा २०१० मध्ये घेतला गेला, त्यात स्त्रियांमध्ये सुमारे ३० आणि पुरुषांमध्ये सुमारे १३ टक्के असे प्रमाण निघाले. पुरुषांचे प्रमाण निम्म्याहून कमी असले तरी दर सात-आठ पुरुषांमागे एक हा आकडा लहान नव्हे. मात्र पुरुष दुखणे सांगत नाहीत, बूटच बदलत राहतात.

कर्नाटकापुरते बोलायचे तर बंद बुटांविषयीचा एक महत्त्वाचा अभ्यास याच राज्यात झालेला आहे. मणिपाल येथील उदय भास्कर राव आणि बेंजामिन जोसेफ यांनी २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेऊन १९९२ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांचा विषय सपाट पावलांचा होता, अंगठ्याच्या उंचवट्याचा नव्हता. पण पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलांचे प्रमाण ८.६ टक्के, न वापरणाऱ्यांत २.८ टक्के, आणि वापरणाऱ्यांतही पुढून बंद बूट घालणाऱ्यांत सर्वाधिक, सँडल-चपला घालणाऱ्यांत त्याहून कमी, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. चपलांवर वाढलेले पाऊल पसरट राहते, बोटे एकमेकांपासून सुटी राहतात, आणि बावीस-तेविसाव्या वर्षी पहिल्या नोकरीसाठी घेतलेल्या बुटाशी त्याची गाठ पडते तेव्हा तो बूट त्या पावलासाठी बेतलेलाच नसतो.

तो कोणासाठी बेतलेला असतो, हे नंबराच्या पद्धतीतून कळते. भारतात चालणारा नंबर ब्रिटिश आहे. या पद्धतीत एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, सुमारे साडेआठ मिलिमीटर, आणि हे मोजमाप फक्त लांबीचे आहे. रुंदीसाठी ब्रिटनमध्ये ई, एफ, जी, एच अशी, तर अमेरिकेत पुरुषांसाठी डी, दोन ई, चार ई अशी वेगळी खूण बुटावर असते आणि एका खुणेमागे चवड्याचा घेर साधारण सहा मिलिमीटरने बदलतो. भारतीय दुकानांत नंबर आला, रुंदीची खूण बहुधा मागेच राहिली. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावले त्रिमिती यंत्राने मोजली, तेव्हा भारतीय पाऊल ब्रिटिश, युरोपीय वा अमेरिकी मापांच्या मानाने अधिक रुंद असल्याचे स्पष्ट झाले. त्यावरून वयोगटांनुसार आठ गटांची ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली. दरम्यान ग्राहकाने स्वतःपुरता शोधून काढलेला तोडगा म्हणजे एक नंबर मोठा बूट घेणे, आणि हाच तोडगा उंचवटा असलेल्या पायाला सर्वांत जास्त नडतो.

याचे कारण बुटाच्या रचनेत आहे. बूट ज्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पायाच्या आकारावर ताणून शिवला जातो त्याला कारागीर फरमा म्हणतात, आणि कारखानदारीच्या भाषेत तो लास्ट होय. फरम्याची सर्वांत रुंद जागा चवड्याच्या सांध्यापाशी असते. पाऊल बुटात नीट बसले तर अंगठ्याचा सांधा, म्हणजे नेमका उंचवटा, त्या रुंद जागेत येतो आणि पाऊल वाकते तेथेच बूटही वाकतो. नंबर एकने वाढवला की लांबी साडेआठ मिलिमीटरने वाढते, घेर मात्र सहाएक मिलिमीटरच वाढतो, आणि बुटाची रुंद जागा पावलाच्या सांध्यापुढे सरकते. मग उंचवटा कमरेसारख्या आवळलेल्या भागात अडकतो, टाच मागे सुटून घासू लागते, आणि सुटणारी टाच सावरण्यासाठी बोटे आकसून तळवा धरून ठेवतात. म्हणून जाणकार विक्रेते पावलाची लांबी टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत मोजून थांबत नाहीत, टाचेपासून अंगठ्याच्या सांध्यापर्यंतची लांबीही पाहतात. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात तयार केलेल्या धातूच्या मापपट्टीवर या दोन्ही लांबी स्वतंत्रपणे मोजता येतात. उंचवटा असलेल्या पावलाची आणखी एक अडचण अशी की ते पुढे रुंद असले तरी टाचेकडे रुंद असतेच असे नाही. चवडा रुंद पण टाच अरुंद असा फरमा बनवला जातो, त्याला कॉम्बिनेशन लास्ट म्हणतात, आणि ज्यांना तो मिळाला त्यांचा अर्धा शोध तेथेच संपतो.

फरम्याच्या आकारावर विचार करणारे पहिले लोक बूटवाले नव्हते, शरीररचनाशास्त्रज्ञ होते. झुरिकचे हेर्मान फोन मायर यांनी १८५८ मध्ये बुटाच्या योग्य आकारावर पुस्तिका लिहिली आणि त्यात एक साधी कसोटी दिली: टाचेच्या मध्यातून निघालेली सरळ रेषा अंगठ्याच्या मध्यातून गेली पाहिजे. बहुतेक फॉर्मल बुटांचे टोक मात्र मधल्या बोटाच्या रेषेत असते, म्हणजे बूट दोन्ही बाजूंनी सारखा निमुळता होतो आणि अंगठ्याला आत ढकलतो. मानवी पावलाचे टोक मध्यात नसून एका कडेला आहे, ही बाब फॅशनने कधी मनावर घेतली नाही. अमेरिकी सैन्याने ती घेतली. मेजर एडवर्ड मनसन यांनी १९१२ मध्ये सैनिकांच्या पावलांवरील ग्रंथात आतली कड सरळ आणि पुढचा भाग ऐसपैस असलेला फरमा मांडला, आणि त्यांच्या नावाचा तो फरमा आजही काही बूटनिर्माते वापरतात.

मायर यांची कसोटी घरच्या घरी लावता येते. संध्याकाळी, दिवसभराच्या चालण्याने पाऊल थोडे फुगलेले असताना, जमिनीवर जाड कागद ठेवून त्यावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहावे आणि दुसऱ्या कोणाकडून पेन्सिल उभी धरून पावलाची रेघ काढून घ्यावी. स्वतः वाकून रेघ काढली तर भार एका पायावर जातो आणि आकार बिघडतो. दोन्ही पावले काढावीत, कारण उंचवटा बहुधा एका पायाला अधिक असतो व बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा असतो. ही कागदी पावले कापून दुकानात न्यावीत आणि बुटाच्या तळावर धरून पाहावीत. त्याहून खात्रीची रीत म्हणजे बुटातला सुटा निघणारा आतला तळ, ज्याला दुकानदार इनसोल म्हणतात, तो बाहेर काढून फरशीवर ठेवावा आणि मोजा घालून त्यावर उभे राहावे. अंगठ्याच्या सांध्याजवळ मांस तळाच्या कडेबाहेर किती ओघळते ते तेथे डोळ्यांना दिसते. दोन-तीन मिलिमीटर बाहेर आले तर मऊ चामडे ते सामावून घेते. बोटभर बाहेर आले तर तो बूट कितीही ‘वापरून सैल’ केला तरी त्या पायाचा होणार नाही, मग विक्रेता काहीही म्हणो. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत ३५६ स्त्रियांची पावले आणि त्यांचे बूट असे शेजारी ठेवून मोजले गेले, तेव्हा ८८ टक्के स्त्रियांचे बूट पावलापेक्षा लहान निघाले. आपल्याकडे अशी मोजणी झाली तर आकडा वेगळा येईल असे मानण्यास फारसा आधार नाही.

आता बुटाच्या प्रकाराकडे वळावे, कारण येथे भारतीय राहणीतली एक सवय आड येते. घराचा उंबरा, देऊळ, शेजाऱ्याचा दिवाणखाना, कित्येक दवाखाने, इतकेच काय काही छोटी कार्यालयेही, अशा दहा ठिकाणी पादत्राणे काढावी लागतात, म्हणून लेस नसलेला, पाय सरकवला की झाले असा लोफर हा येथील पुरुषांचा आवडता फॉर्मल बूट झाला आहे. लोफरला पाऊल धरून ठेवायला ना लेस ना बक्कल. तो पायात टिकतो तो केवळ चवड्यावर आवळून. उंचवट्याला जेथे मोकळीक हवी नेमकी तेथेच लोफरची पकड असते, आणि ती सैल असलेला लोफर चालताना पायातून निघतो. लोफरची सोय ज्यांना सोडवत नाही, त्यांनी निदान पावलाच्या वरच्या भागावर दोन्ही बाजूंना इलॅस्टिकचे तुकडे असलेला नमुना पाहावा.

लेसच्या बुटांतही दोन घराणी आहेत. ऑक्सफर्ड या प्रकारात लेसची भोके असलेल्या पट्ट्या पुढच्या चामड्याखाली शिवलेल्या असतात, त्यामुळे बूट वर मिटलेला, नीटस दिसतो पण उघडतो थोडाच. डर्बी प्रकारात त्या पट्ट्या पुढच्या चामड्यावर शिवलेल्या असतात, लेस सैल केली की त्या दोन पाखांप्रमाणे बाजूला होतात, आणि रुंद पाऊल सहज आत जाते. सोहळ्याच्या पोशाखाचे कडक नियम ऑक्सफर्डच्या बाजूने असले तरी भारतीय लग्नात किंवा बैठकीत हा फरक ओळखणारा माणूस विरळा, त्यामुळे डर्बी घेण्यात प्रतिष्ठेचे काहीही जात नाही. बक्कल असलेला मंक स्ट्रॅप हाही चालण्याजोगा पर्याय आहे, पण बक्कल सैल-घट्ट करण्याची मुभा लेसइतकी बारीक नसते. वारंवार काढण्या-घालण्याची अडचण डर्बीला इलॅस्टिकच्या लेस ओवून आणि खिशात लहान शू-हॉर्न ठेवून बरीच सुटते.

त्यानंतर पाहायची ती शिवण. टोकावर आडवी पट्टी असलेल्या, नक्षीची छिद्रे पाडलेल्या किंवा बाजूने जोड दिलेल्या बुटात चामड्याचे दोन थर एकमेकांवर येतात, आणि हा जोड उंचवट्यावर आला तर तेथील चामडे कधीच ताणले जात नाही. साधा, पुढे जोड नसलेला बूट म्हणूनच बरा. बुटात हात घालून अंगठ्याच्या बाजूने बोट फिरवले की आतून शिवण, कडक अस्तर किंवा चिकटवलेल्या कापडाची कड लागते का ते लगेच समजते. वासराचे मऊ चामडे आणि स्वेड, म्हणजे आतल्या बाजूने घासून लवदार केलेले चामडे, पायाच्या आकाराला जुळते. स्वेडचा आणखी फायदा असा की त्यावर उंचवट्याचा फुगवटा आणि सुरकुत्या उठून दिसत नाहीत. चकचकीत लेप दिलेले पेटंट लेदर आणि ज्याला बाजारात सरसकट रेक्झिन म्हणतात ते कृत्रिम चामडे ताण देऊनही पूर्ववत होते, आणि स्वस्त फॉर्मल बूट बहुधा याच रेक्झिनचे असतात. ज्यांचा सांधा दुखण्याबरोबर आखडलाही आहे, त्यांना वाकणाऱ्या तळापेक्षा पुढे किंचित वर उचललेला, झुलत्या खुर्चीच्या पायासारखा ताठ तळ आराम देतो, कारण त्यावर पाऊल पुढे लोटले जाते आणि सांध्याला फारसे वाकावे लागत नाही. स्पोर्ट्स शूजचा जाड तळ आणि वर साधे काळे चामडे असा संकरित बूट अलीकडे दुकानांत सर्रास दिसतो. जुन्या पिढीला तो धेडगुजरी वाटतो, पण बंगळुरूतील कार्यालयांत त्याला कोणी हरकत घेत नाही, आणि उंचवटा असलेल्यांच्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतली ही सर्वांत उपकारक टूम म्हटली पाहिजे.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट आहे, कारण त्यांच्या फॉर्मल पादत्राणात टोक आणि टाच दोन्ही असतात. ज्याला दुकानांत बेली म्हणतात, तो वरून उघडा, पुढून निमुळता प्रकार लोफरप्रमाणेच केवळ चवड्याच्या पकडीवर टिकतो. त्याला उंच टाच जोडली की शरीराचा भार उतारावरून पुढे येऊन पाऊल त्या निमुळत्या टोकात रुतत जाते. टाच पूर्णपणे वर्ज्य करण्याचे कारण नाही, पण ती तीनेक सेंटिमीटरपर्यंत, रुंद बुडाची असावी, आणि पावलाच्या वरून जाणारा एक पट्टा अवश्य असावा, म्हणजे भार पुढे घसरत नाही. पट्ट्यांच्या सँडलमध्ये पट्टा उंचवट्याच्या माथ्यावरून जाणार असेल तर तो रुंद आणि मऊ हवा. अरुंद असेल तर एक पट्टा उंचवट्याच्या पुढून व दुसरा मागून जाईल, मधे मोकळी जागा राहील, असा नमुना निवडावा. साडीच्या निऱ्यांची आणि घागऱ्याची उंची टाचेवर ठरते, त्यामुळे आधी कपडा शिवून मग त्याला जुळणारी टाच शोधण्याचा नेहमीचा क्रम उलटा करणे शहाणपणाचे: पायाला सोसेल ती टाच आधी, फॉल-पिको आणि घेराची दुमड त्यानंतर. परंपरेने डावा-उजवा असा फरक न ठेवता बनणाऱ्या मोजड्या वापरता वापरता पायाचा आकार घेतात हे खरे, पण त्यांचे टोक मध्यात असते आणि तो आकार घेईपर्यंतचा काळ उंचवट्याच्या जिवावर जातो.

कुडता, बंद गळ्याचा कोट किंवा नऊवारी यांबरोबर कोल्हापुरी शोभते, आणि तिचा विचार येथे करणे भाग आहे, कारण ती महाराष्ट्राइतकीच कर्नाटकाचीही आहे. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांसोबत बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार जिल्हे आहेत, आणि मानांकनाची नोंद महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ व कर्नाटकाचे ‘लिडकर’ या दोन्ही सरकारी महामंडळांच्या नावे आहे. जून २०२५ मध्ये मिलान येथील प्राडाच्या प्रदर्शनात तिच्यासारखीच चप्पल दिसली तेव्हा कोल्हापुरात जेवढा संताप झाला, तेवढाच तो बेळगाव जिल्ह्यातील कारागिरांच्या अथणी गावातही होणे साहजिक होते. उंचवट्याच्या दृष्टीने कोल्हापुरीचा गुण असा की तिची बाजू उघडी असते आणि अंगठा ज्या वळ्यात अडकवतात, ज्याला अंगठाच म्हणतात, ते वळे त्याला शेजारच्या बोटांपासून काहीसे वेगळे धरते. तिचे अवगुणही तितकेच उघड आहेत. बाजूंचे कान आणि त्यांतून येणारा पट्टा नव्या चपलेत कडक असतो, आणि ज्यांचा उंचवटा मोठा आहे त्यांना पट्ट्याची कड नेमकी त्यावर बसते; तेल लावून चामडे मऊ करणे हा जुना उपाय उपयोगी असला तरी त्याला काही दिवस लागतात. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या चामड्याचा तिचा तळ टिकाऊ पण सपाट व टणक असतो, त्यामुळे फरशीच्या मंगल कार्यालयात चार तास उभे राहिल्यावर चवडा दुखतो. खरेदी करताना कारागिराला पट्टा अंगठ्याच्या सांध्यामागे घ्यायला सांगता येते, आणि थेट कारागिराकडून घेण्याचा खरा लाभ हाच आहे.

विकत घेतलेला बूट एखाद्या जागीच टोचत असेल तर संपूर्ण बूट सैल करण्याची गरज नसते. एका टोकाला गोळी आणि दुसऱ्या टोकाला कडे असलेला चिमट्यासारखा एक पकडा मिळतो, त्याला बॉल अँड रिंग स्ट्रेचर म्हणतात. गोळी बुटाच्या आतून उंचवट्याच्या जागी आणि कडे बाहेरून बसवून चिमटा आवळला व रात्रभर तसाच ठेवला की तेवढ्याच जागी चामड्यात खळगी तयार होते. ती जागा नेमकी कळावी म्हणून मोज्यावर उंचवट्याच्या माथ्याला खडूची खूण करून पाय बुटात घालावा, खूण अस्तरावर उमटते. ही क्रिया खऱ्या चामड्यावरच साधते.

बोटांमधे ठेवायचे सिलिकॉनचे तुकडे, रात्री बांधायच्या पट्ट्या आणि अंगठा सरळ करण्याचे मोठमोठे दावे करणारी साधने यांची जाहिरात भरपूर होते. त्यांनी काही काळ दुखणे कमी होऊ शकते, पण प्रौढ पायातील सरकलेले हाड त्यांनी कायमचे जागेवर येते याला आधार नाही. उलट आधीच अरुंद बुटात बोटांमधे तुकडा घातला तर उंचवटा कडेवर आणखी दाबला जातो. फिनलंडमध्ये २०९ रुग्णांवर झालेल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रिया, तळव्याचा आधार आणि नुसती वाट पाहणे यांची तुलना झाली. तळव्याच्या आधाराने काही महिने उतार पडला, वर्षअखेरीस शस्त्रक्रिया झालेले रुग्ण अधिक समाधानी होते. तरीही शस्त्रक्रिया हा बूट बसवण्याचा उपाय नव्हे. हाड कापून सरळ करण्याच्या शंभराहून अधिक पद्धती वर्णिलेल्या आहेत, नंतर साधारण सहा आठवडे विशेष पादत्राण वापरावे लागते, सूज ओसरायला काही महिने जातात, आणि निमुळत्या बुटांकडे परतल्यास विकृतीही परतू शकते. म्हणून रोजचे चालणे दुखत असेल तरच तज्ज्ञ तिचा विचार सुचवतात. मधुमेहींचा मामला वेगळा आहे. त्यांच्या तळव्याची संवेदना कमी झालेली असेल तर बूट टोचतो हेच त्यांना कळत नाही, उंचवट्यावरची साधी खरचट चिघळून जखम होते, आणि अशा पायासाठी बुटाची निवड दुकानात नव्हे तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, दर वेळी बूट काढल्यावर पाऊल उजेडात पाहून, करावी लागते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पावलांसाठी जे पादत्राणांचे काम केले, त्याचाच वारसा म्हणजे आज मधुमेहींना सुचवली जाणारी मऊ रबराच्या तळाची एमसीआर चप्पल. समारंभात ती शोभत नाही अशी तक्रार असली तरी तिच्याच तळावर वरून काळ्या चामड्याचे पट्टे बसवून घेता येतात.

एचएसआरसारख्या भागात बूट फोनवरून मागवण्याची सवय इतकी अंगवळणी पडली आहे की दुकानात बसून पाऊल मोजून घेणे जुनाट वाटू लागले आहे. उंचवटा असलेल्यांनी मागवायचेच असेल तर संध्याकाळी, समारंभाला घालायच्याच मोज्यांवर, घरातल्या चटईवर अर्धा तास वावरून पाहावे आणि परतीची मुदत संपण्याच्या आत निर्णय घ्यावा. पहिल्याच वेळी टोचणारा बूट ‘सवयीने बसेल’ या आशेवर ठेवून घेऊ नये. तुळशीविवाहानंतर लग्नसराई सुरू होते, त्यामुळे बूट दिवाळीच्या आसपासच घेतला तर रोज थोडा वेळ घालून चामडे मऊ करायला हाताशी पुरेसे दिवस राहतात. ज्यांचे पाऊल कोणत्याच तयार बुटात मावत नाही त्यांनी मापाने बूट बनवणाऱ्या कारागिराकडे जावे. तो नेहमीच्याच फरम्यावर उंचवट्याच्या जागी चामड्याचा तुकडा चिकटवून, घासून, पावलाचा नेमका फुगवटा तयार करतो आणि पुढच्या जोडासाठी तो फरमा नाव लिहून राखून ठेवतो. उंचवटा वर्षागणिक वाढू शकतो, म्हणून दुसरा जोड सांगताना जुन्या फरम्यावर विसंबू नये. पाऊल पुन्हा मोजून घ्यावे आणि तो तुकडा बदलायला सांगावा.